इंटरनेटची तोंडओळख : चिकपेटेच्या निमित्ताने

बेंगळुरू शहराचा जुना गाभा म्हणजे तेथील पेठ. १५३७च्या सुमारास केंपेगौडा यांनी ती वसविली. तिचे दोन प्रमुख रस्ते होते. पूर्व-पश्चिम जाणारी ती चिकपेट आणि उत्तर-दक्षिण जाणारी ती दोड्डपेट. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘दोड्ड’ म्हणजे मोठे. दोड्डपेटेला आज अव्हेन्यू रोड म्हणतात. चिकपेटेने मात्र आपले नाव सोडलेले नाही. या दोन रस्त्यांच्या आधाराने उद्योगानुसार पेठा वाढल्या : तांदळाची अक्किपेट, कापसाची अरळेपेट, बांगड्यांची बळेपेट, कुंभारांची कुंभारपेट. परगावच्या व्यापाऱ्याला येथे येताना दोनच गोष्टी ठाऊक असाव्या लागत : कोणत्या रस्त्याने जावयाचे आणि कोणत्या दारात शिरावयाचे.

१६३८ साली आदिलशाही फौजेने हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी भाषेचा या शहराशी जवळचा संबंध तेव्हापासूनचा. कापडाच्या, रेशमाच्या आणि शिलाईच्या धंद्यात मराठी बोलणारी घराणी येथील पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. चिकपेट आज मुख्यतः ओळखली जाते ती साड्यांच्या घाऊक बाजारासाठी. गल्ली अरुंद, वर मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्यावर गाद्या घालून बसलेली दुकाने.

या पेठेतून आता आणखी एक रस्ता जातो. मान वर करून पाहिल्यास तो दिसतोही. दोन इमारतींच्या मधून लोंबणाऱ्या काळ्या तारांच्या जुडग्यांतील काही तारा इंटरनेटच्या आहेत. २०२०च्या टाळेबंदीनंतर साडीचा रंग व काठ मोबाइलवर दाखवून मागणी घेण्याची पद्धत कापडबाजारात चांगलीच रुळली. मागणी येते तारेतून, पैसेही येतात तारेतूनच. असे असूनही पुष्कळ ठिकाणी या रस्त्याची माहिती मालकापेक्षा त्याच्या पुतण्याला किंवा संगणकावर बसणाऱ्या मुलाला अधिक असते. रस्ता दुरुस्त करण्याचे काम दुसऱ्यावर सोपविण्यास हरकत नाही. परंतु आपण कोणाच्या दारात उभे आहोत, हे पैसे देणाऱ्याने स्वतःच पाहावयाचे असते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. उदाहरणासाठी आपण चिकपेटेतील साडीच्या एका काल्पनिक घाऊक दुकानाचा आधार घेऊ.

तार कोठून आली?

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगम लिमिटेड या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. बेंगळुरूची कथा याहून थोडी आधी सुरू होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली येथे आपले केंद्र काढले आणि परदेशातील कार्यालयांशी संगणकीय संपर्क ठेवण्यासाठी स्वतंत्र उपग्रह-जोडणी उभारली. त्या जोडणीची भलीमोठी तबकडी बैलगाडीतून नेली गेली, अशी आठवण आजही सांगितली जाते. पुढे माहिती-तंत्रज्ञानाचे म्हणून नावारूपाला आलेल्या शहराच्या बाबतीत ती बैलगाडी मोठी बोलकी वाटते.

सुरुवातीची घरगुती जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होत असे. टेलिफोनची तार आवाज वाहून नेण्यासाठी बनविलेली, आणि संगणकाची भाषा तर शून्य आणि एक या दोन अंकांची. हे अंक आवाजात आणि आवाज पुन्हा अंकांत बदलणारे यंत्र म्हणजे मोडेम. जोडणी होताना जो कर्कश सूर ऐकू येई, तो दोन मोडेमांचा परस्परांशी चाललेला संवाद होता. इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन अडकून पडे. २००४ साली केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. किमान २५६ किलोबिट वेगाची आणि कायम चालू असणारी जोडणी ही ब्रॉडबँडची तेव्हाची व्याख्या. २०१३ साली ही मर्यादा ५१२ किलोबिटांवर आणि २०२३ साली २ मेगाबिटांवर नेण्यात आली.

या आकड्यांचा अर्थ साडीच्या हिशेबात पाहू. जोडणीचा वेग बिटांत सांगितला जातो आणि छायाचित्राचा आकार बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो. वेग विकणारा मोठा आकडा सांगतो आणि ग्राहकाच्या हाती त्याचा आठवा हिस्सा पडतो, तो यामुळेच. यात फसवणूक नाही, मापे निराळी आहेत एवढेच. साडीचे चांगले छायाचित्र सुमारे ४ मेगाबाइटांचे असते. ५६ किलोबिटांच्या जुन्या मोडेमवरून ते पाठवायला अगदी आदर्श परिस्थितीतही साडेनऊ मिनिटे लागली असती. २५६ किलोबिटांवर दोन मिनिटे लागतात आणि ४० मेगाबिटांवर एक सेकंदही लागत नाही. जोडणी घेताना येणारा वेग आणि जाणारा वेग हे दोन्ही विचारून घ्यावेत. दिवसभर छायाचित्रे पाठविणाऱ्या दुकानदाराचा संबंध दुसऱ्या आकड्याशी अधिक येतो, आणि जाहिरातीत नेमका तोच बारीक अक्षरांत असतो.

डब्यावरचे दिवे

आता बहुतेक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशतंतू, म्हणजेच फायबर, आला आहे. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या लुकलुकीने माहिती येते. दुकानातील छोटा पांढरा किंवा काळा डबा त्या प्रकाशाचे विद्युत-संकेतांत रूपांतर करतो. पुष्कळदा त्याच डब्यात वाय-फायची सोय असते. काही ठिकाणी त्यासाठी राऊटर नावाचा वेगळा डबा असतो.

इंटरनेट बंद पडले की आपण प्रथम हा डबा बंद करून पुन्हा चालू करतो. उपाय वाईट नाही, अनेकदा लागूही पडतो. तथापि त्याआधी त्यावरील दिव्यांकडे अर्धा मिनिट पाहावे. फायबरच्या बहुतेक डब्यांवर ‘लॉस’ या रोमन अक्षरांचा एक दिवा असतो. तो तांबडा झाला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही असे समजावे. तंतू कोठे तरी तुटला, वाकला किंवा खोबणीतून निसटला असेल. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करावा आणि ‘लॉसचा दिवा तांबडा आहे’ एवढेच सांगावे. त्या एका वाक्याने निम्मी प्रश्नोत्तरे वाचतात. ‘पॉन’ हा दिवा नुसताच लुकलुकत राहिला, तर कंपनीच्या यंत्रणेशी डब्याची नोंद जुळलेली नाही. हे दोन्ही दिवे ठीक असूनही मोबाइलवर काही उघडत नसेल, तर दोष बहुधा वाय-फायमध्ये किंवा त्या मोबाइलमध्ये असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. डब्यापासून मोबाइलपर्यंतच्या शेवटच्या काही पावलांची ती बिनतारी वाट आहे. मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली आणि इंटरनेट मात्र मुळीच नाही, असे होऊ शकते ते यामुळेच. या वाटेचे सामान्यतः दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतीपलीकडे अधिक पोहोचतो, ५ गिगाहर्ट्‌झचा अधिक वेगवान पण लवकर थकणारा. मागच्या खोलीत छतापर्यंत साड्यांचे गठ्ठे रचलेले असतील, तर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा तेथे जेमतेम पोहोचेल. डबा जमिनीवर, लोखंडी कपाटामागे ठेवण्याची आपल्याकडे एक विचित्र आवड आहे. तो दुकानाच्या मध्याजवळ, उंचावर ठेवावा. आणखी एक साधी गोष्ट : वीज गेली की दुकानाचे दिवे इन्व्हर्टरवर चालतात आणि राऊटर मात्र बंद पडतो, कारण त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतलेलाच नसतो. वीजतंत्र्याला सांगून तेवढा बदल करून घ्यावा.

राऊटर घेण्यासाठी चिकपेटेतल्या माणसाला लांब जावे लागत नाही. संगणक आणि विद्युत-उपकरणांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला एस. पी. रोड जवळच आहे. राऊटर कोठूनही घ्यावा, परंतु त्याचा मूळचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. या यंत्रांना दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. एक वाय-फायला जोडण्याचा आणि दुसरा यंत्राच्या अंतर्गत मांडणीत शिरण्याचा. पहिला आपण बदलतो आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो. गिऱ्हाइकांना वाय-फाय देण्याची प्रथा असेल, तर राऊटरवरील ‘गेस्ट’ ही स्वतंत्र वाट त्यांना द्यावी, म्हणजे हिशेबाचा संगणक ज्या वाटेवर आहे तीवर पाहुणे येत नाहीत.

गठ्ठे, बिल्टी आणि पोच

तार जोडली गेली. आता तिच्यातून माल कसा जातो?

आपल्या दुकानातून नागपूरच्या व्यापाऱ्याला बारा गठ्ठे जावयाचे आहेत असे समजा. ते कलासीपाळ्यच्या ट्रान्सपोर्ट कचेरीत पोहोचतात. प्रत्येक गठ्ठ्यावर पाठविणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि ‘१२ पैकी ३’ असा क्रमांक असतो. सर्व गठ्ठे एकाच लॉरीतून जातील असे नाही. काही हैदराबादमार्गे जातील, काही सोलापूरमार्गे. नागपूरचा व्यापारी क्रमांक जुळवून घेतो. सातवा गठ्ठा नसेल तर फोन करतो, आणि बारा मिळाल्यावर बिल्टीवर सही करतो.

इंटरनेटची रीत अशीच आहे. आपले ४ मेगाबाइटांचे छायाचित्र अखंड जात नाही. त्याचे साधारणतः दीड हजार बाइटांचे एक असे सुमारे पावणेतीन हजार तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राचा पत्ता व अनुक्रमांक असतो. वाटेतील प्रत्येक राऊटर फक्त पत्ता वाचून तुकडा पुढच्या नाक्याकडे ढकलतो. आत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एखादा तुकडा हरवला तर घेणारे यंत्र तो पुन्हा मागवून घेते, आणि सर्व तुकडे जुळले की चित्र उघडते.

व्हिडिओवरून साडी दाखविताना चित्र फाटते, रंग विस्कटतो आणि आवाज तुटतो. पण त्याच साडीचे छायाचित्र पाठविले की ते उशिरा का होईना, अखंड पोहोचते. असे का व्हावे? समोरासमोरच्या संवादात हरवलेला तुकडा पुन्हा मागविण्यास वेळ नसतो. तो येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. म्हणून तेथे हरवलेले हरवले असे धरून पुढे चालतात. छायाचित्राला घाई नसते. जरीचा पोत किंवा दोन जवळच्या छटांतील फरक दाखवावयाचा असेल, तर आधी छायाचित्र पाठवून नंतर व्हिडिओवर बोलावे. भाव ठरविताना निष्कारण वाद होत नाही.

पाटी कोणत्या टोकाकडून वाचावी?

प्रत्येक तुकड्यावर जो पत्ता असतो तो अंकांचा असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीच्या अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. ती अपुरी पडू लागल्याने अधिक लांब अंकांची नवी पद्धतही वापरात आली आहे. हे अंक कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून नावे आली. आपण ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा संगणक प्रथम एका नामसूचीला विचारतो की, या नावाचा आयपी पत्ता कोणता? उत्तर आले की मग तो त्या पत्त्याकडे वळतो. दूरध्वनी निर्देशिकेत नाव पाहून क्रमांक शोधण्यासारखेच हे काम, फक्त क्षणार्धात होणारे. २०१४ सालापासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी शेवट असलेली नावेही घेता येतात आणि मराठीतून पूर्ण पत्ता लिहिता येतो. तिचा वापर आपल्या व्यापाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही, ही खेदाची बाब होय.

आता लेखातील मुख्य मुद्दा. हा पत्ता वाचावा कसा?

टपालाच्या पाकिटावर आपण पत्ता लिहितो तेव्हा लहानाकडून मोठ्याकडे जातो : माणसाचे नाव, दुकानाचे नाव, गल्ली, चिकपेट, शेवटी बेंगळुरू. टपालखाते मात्र तो शेवटाकडून वाचते. आधी शहर, मग पेठ, मग दार. संकेतस्थळाचे नावही असेच उजवीकडून वाचावयाचे असते. आपली सवय डावीकडून वाचण्याची. फसविणाऱ्याला नेमकी हीच सवय उपयोगी पडते. पत्त्याच्या सुरुवातीला तो मोठ्या बँकेचे नाव लिहितो, आणि खरा मालक कोण हे सांगणारा भाग शेवटी, लांबलचक अक्षरांत दडवून ठेवतो. ‘बेंगळुरू स्टोअर्स, अमुक गल्ली, दिल्ली’ असा पत्ता असलेले दुकान बेंगळुरूत नसते. तसेच पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव असले म्हणून ते बँकेचे संकेतस्थळ ठरत नाही. पहिली एकेरी तिरपी रेघ जेथे येते, तिच्या लगेच आधीचे दोन-तीन शब्द पाहावेत. पत्ता कोणत्या पेठेतला आहे, ते तेथे कळते.

बँकांच्या बाबतीत हे काम आता पुष्कळ सोपे झाले आहे. भारतातील बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखाली ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आणावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. हा शेवट वाटेल त्याला विकत मिळत नाही. तो फक्त बँकांसाठी राखून ठेवला आहे. जुन्या बेंगळुरूत अक्किपेट म्हटले की तांदूळ, तसे आता हा शेवट दिसला की बँक. मात्र तो अगदी शेवटीच असला पाहिजे. ‘बँक’ आणि ‘इन’ हे शब्द मध्ये कोठे तरी, आडव्या रेघांनी जोडून आले आणि शेवट ‘डॉट कॉम’ किंवा आणखी काही असला, तर ती पेठच निराळी.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राबद्दलही लिहिले पाहिजे, कारण एके काळी आमच्यासारखेच लोक ग्राहकांना ‘कुलूप पाहा आणि निश्चिंत व्हा’ असे सांगत. कुलपाचा अर्थ मर्यादित आहे. आपण लिहिलेला मजकूर सीलबंद लखोट्यातून जात आहे, वाटेत तो कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. लखोटा ज्याच्या हाती पडणार तो सज्जन आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही आपल्या दुकानाला कुलूप लावता येते. लोक या चिन्हाचा भलता अर्थ घेतात हे ओळखून गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून २०२३ साली ते काढूनच टाकले.

‘आमचे बँक खाते बदलले आहे’

आता आपल्या काल्पनिक दुकानाच्या गादीवर बसून एक प्रसंग पाहू. सणाचा हंगाम तोंडावर आहे. सुरतेच्या एका गिरणीचे ४ लाख ६० हजार रुपये द्यावयाचे आहेत. व्यवहार पंधरा वर्षांचा. सकाळी गिरणीकडून ईमेल येते. लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते तूर्त बंद आहे, तरी या वेळची रक्कम खालील खात्यात पाठवावी. पत्रावर गिरणीचे बोधचिन्ह आहे, बिलाचा क्रमांक बरोबर आहे, रक्कम पैशापर्यंत बरोबर आहे. खाली मागील आठवड्याचा सगळा पत्रव्यवहारही जोडलेला आहे. संशय घेण्यासारखे काय आहे?

पाठविणाऱ्याच्या पत्त्यात आहे. गिरणीच्या नावात रोमन लिपीतील ‘एम’ हे अक्षर आहे. या पत्त्यात त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे शेजारी लिहिली आहेत. लहान टंकात ती जोडी हुबेहूब ‘एम’सारखी दिसते. असे नाव नव्याने नोंदवायला फार खर्च येत नाही.

मग बिलाचा क्रमांक त्याला कोठून मिळाला? कारण कोणाची तरी ईमेलची पेटी काही आठवड्यांपूर्वीच उघडली गेली होती, गिरणीची किंवा आपली. पासवर्ड फुटला की चोर लगेच काही करतोच असे नाही. तो वाचत बसतो. कोण कोणाला केव्हा पैसे देतो, पत्राची भाषा कशी आहे, हे शिकतो. कित्येकदा पेटीच्या मांडणीत तो असा नियमही घालून ठेवतो की, आलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत आपोआप त्याच्याकडे जावी. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहू शकतो. म्हणून ईमेलच्या सेटिंगमधील ‘फॉरवर्डिंग’ हा भाग वर्षातून दोनदा तरी उघडून पाहावा आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाखेरीज मोबाइलवर येणारी दुसरी खूण, चालू करावी.

या प्रसंगी करावयाचे काम जुनेच आहे. गिरणीच्या मालकाला फोन करावा. मात्र त्या ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीतल्या पंधरा वर्षांपूर्वीच्या क्रमांकावर. आवाज ओळखीचा असतो, विचारपूसही होते. दोन मिनिटांत प्रश्न मिटतो. असा फोन करणे म्हणजे अविश्वास दाखविणे होय, असे काही जुन्या व्यापाऱ्यांना वाटते. संकोचापोटी ते विचारीत नाहीत. परंतु ज्याच्या नावाने पत्र आले त्याच्यावरचा विश्वास कायम ठेवूनच हा फोन करावयाचा असतो.

येथे बँकेच्या कामकाजातील एक बारकावा ग्राहकांनी लक्षात घ्यावा. एनईएफटी किंवा आरटीजीएसने रक्कम पाठविली की ती खाते क्रमांकावर जमा होते. आपण लिहिलेले नाव त्या खात्याच्या नावाशी जुळते की नाही, हे जमा करताना पाहिले जात नाही. धनादेशाच्या काळात नावाला जे महत्त्व होते ते येथे उरलेले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार २०२५पासून पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नोंदलेले नाव पडद्यावर पाहण्याची सोय करण्यात आली. ती जरूर वापरावी. गिरणीच्या नावाऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले, तर हात तेथेच थांबवावा. शाखेतील सहकाऱ्यांनाही विनंती आहे की, जुना ग्राहक घाईघाईने नव्या खात्यात मोठी रक्कम पाठवू लागला, तर ‘हा क्रमांक आपणांस फोनवरून मिळाला की ईमेलवरून?’ एवढे सहज विचारावे.

किल्ल्या कोणाच्या हाती?

नेट बँकिंगचा वापर करणाऱ्या पुष्कळ दुकानांत मालकाचा वापरकर्ता क्रमांक आणि पासवर्ड दिवाणजींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो. दिवाणजी प्रामाणिक असतात यात शंका नाही. अडचण वेगळीच आहे. पडद्यामागील यंत्रणेला माणूस दिसत नाही, फक्त टाइप केलेली अक्षरे दिसतात. वहीचे पान ज्याने वाचले तो तिच्या दृष्टीने मालकच. यावर तोडगा म्हणून व्यापारी खात्यांना दोन वापरकर्त्यांची सोय मिळते. दिवाणजी आपल्या नावाने व्यवहार भरतात आणि मालक आपल्या मोबाइलवरून त्याला मंजुरी देतात. व्हाउचरवर दोन सह्या घेण्याचीच ही रीत आहे. शाखेत अर्ज केल्यास ती मिळू शकते, पण अर्ज करणारे थोडे.

यूपीआय २०१६ साली आले आणि गल्ल्यावरील चौकोनी ठिपक्यांचे चित्र सर्वत्र दिसू लागले. याविषयी दोन गोष्टी ठाम सांगता येतात. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि ठिपक्यांचे चित्र टिपतो तो पैसे देणारा असतो. तेव्हा ‘आपणांस पैसे पाठवतो, हे चित्र टिपा आणि पिन घाला’ असे कोणी म्हटले तर तो मनुष्य पैसे घेण्यास आला आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील ‘पैसे पाठविले’ हे चित्र म्हणजे पोच नव्हे. आपल्या खात्यात रक्कम दिसली किंवा आपल्या यंत्राने ती पुकारली, की मगच गठ्ठा दारातून बाहेर जाऊ द्यावा.

मोबाइलवर आलेली ‘एपीके’ नावाची फाइल, मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो की वाहनाच्या दंडाची पावती म्हणून, उघडू नये. ती वाचण्याची वस्तू नसून मोबाइलमध्ये शिरणारा कार्यक्रम असतो आणि त्याला परवानगी मिळाली, तर आपले संदेश, त्यांतील ओटीपीसह, तो दुसरीकडे पाठवू शकतो. मदत करण्याच्या निमित्ताने आपला पडदा दुसऱ्याला दाखविणारे ॲप घ्यायला लावणाऱ्यांचा हेतूही हाच असतो.

घात झाल्यास

इतके करूनही रक्कम गेलीच, तर लाजेपायी किंवा ‘संध्याकाळी पाहू’ म्हणून थांबू नये. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात हलवीत असतो. ती मधल्या खात्यात असेपर्यंतच गोठविता येते. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर आणि आपल्या बँकेकडे लागलीच कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात यासंबंधी तत्त्व घालून दिले. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणी झाली असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही. पासवर्ड किंवा पिन ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर कळविण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. अर्थात त्या क्षणाची वेळ पैशांत मोजली जाते.

फोन करताना व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, तारीख व वेळ, आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक जवळ असावा. तक्रारीची नोंद झाल्यावर मिळणारा क्रमांक लिहून घ्यावा. मूळ ईमेल किंवा संदेश पुसून टाकू नये. १९३० हा आकडा, शाखेचा दूरध्वनी आणि बँकेचा चोवीस तासांचा क्रमांक गल्ल्यामागच्या भिंतीवर कागदावरच लिहून लावावा. कारण ज्या दिवशी त्यांची गरज पडेल, त्या दिवशी आपला मोबाइल बंद करून बाजूला ठेवण्याची पाळी आलेली असू शकते.